दोघींचा खेळ, एकटीची सही: लोंबोकच्या एका बीच व्हॉलीबॉलपटूचं प्रकरण

नवऱ्याच्या हॉटेलातल्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं बालीत होतो. मी विद्यापीठ पातळीपर्यंत व्हॉलीबॉल खेळलेली, त्यामुळे सानूरच्या किनाऱ्यावर नेट लागलेलं दिसलं की पाय आपोआप तिकडे वळायचे. २०१८च्या सुरुवातीला शेजारच्या लोंबोक बेटावरून दोन मुली तिथे सरावाला आल्या होत्या. पहिल्या दिवशी मी चेंडू आणून देत होते, तिसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी पोहे खात होत्या. पुढची पाच वर्षं मी त्यांच्यातल्या एकीचं करिअर जवळून पाहिलं. ते तिच्या परवानगीने इथे मांडते आहे.

नाव, क्लब आणि ज्या प्रांताकडून ती पुढे खेळली तो प्रांत, ही तिन्ही नावं गाळली आहेत. दोघींना मी त्यांच्या मैदानावरच्या जागेवरूनच ओळखते: मागे धावून चेंडू उचलणारी डिफेंडर आणि नेटपाशी फटका अडवणारी ब्लॉकर. हे प्रकरण डिफेंडरचं आहे. निदान सुरुवातीला मला तसंच वाटत होतं.

पार्श्वभूमी

डिफेंडर उत्तर लोंबोकची. वडील मासेमार, आई बाजारात सुकी मासळी विकते. इंडोनेशियात १७ ऑगस्ट हा स्वातंत्र्यदिन, आणि त्याच्या आगेमागे गावोगावी स्पर्धांचा नुसता धुरळा उडतो. त्यात व्हॉलीबॉल हमखास असतो. गावागावांत होणाऱ्या या सामन्यांना तिकडे 'तारकाम' म्हणतात. बक्षीस कधी रोख, कधी बकरा. आपल्याकडच्या शूटिंगबॉलच्या स्पर्धा पाहिलेल्यांना वेगळं काही सांगायला नको. बाहेरगावचा चांगला खेळाडू एका दिवसापुरता पैसे देऊन आणायचा, हेसुद्धा तसंच. डिफेंडर चौदाव्या वर्षी पहिल्यांदा अशी 'भाड्याने' गेली आणि तिथेच तिला ब्लॉकर भेटली. ब्लॉकर दोन वर्षांनी मोठी, म्हणून डिफेंडर तिला आजही 'काक' म्हणते. मराठी कानाला कावळा आठवतो, पण तिकडे मोठ्या भावंडाला तशी हाक मारतात.

डिफेंडरची उंची १६८ सेंटिमीटर. महिलांचं नेट २.२४ मीटरवर असतं. सहा जणींच्या व्हॉलीबॉलमध्ये एवढ्या उंचीच्या मुलीला लिबेरोखेरीज, म्हणजे फक्त बचाव करणाऱ्या खेळाडूखेरीज, फारशी जागा उरत नाही. वाळूवर मात्र हिशेब बदलतो. मैदान १६ बाय ८ मीटर, म्हणजे एका बाजूला ६४ चौरस मीटर जागा आणि ती सांभाळायला दोघी. बदली खेळाडू नाही, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे सामना सुरू असताना प्रशिक्षकाला बोलायची मुभाही नव्हती. दर सात गुणांनी बाजू बदलायची, कारण वारा आणि ऊन कुणा एकाच्या वाट्याला येऊ नये. जे काही ठरवायचं ते दोघींनीच, दोन सर्व्हिसमधल्या काही सेकंदांत.

सानूरला मी त्यांच्या मागे उभी राहून बघायचे. ब्लॉकर नेटपाशी पाठमोरी उभी आणि कमरेमागे दोन्ही हातांची बोटं. एक बोट म्हणजे सरळ रेषेतला फटका मी अडवते, दोन म्हणजे तिरका, बंद मूठ म्हणजे ब्लॉकला जातच नाही. डावा हात डावीकडच्या प्रतिस्पर्ध्यासाठी, उजवा उजवीकडच्या. हे जगभर चालतं, यात नवल काही नाही. नवल पुढे होतं. समोरची उडी मारते तेव्हा ब्लॉकरचा खांदा किंचित आत वळायचा आणि ते पाहून डिफेंडर ठरलेल्या खुणेच्या उलट दिशेला धावायची. बरोबर तिथेच चेंडू पडायचा. मी विचारलं, हे ठरवता कधी? दोघी हसल्या. ठरवत नाहीत म्हणाल्या. सात वर्षांत बसलेली ती घडी होती.

आता व्यवस्थेबद्दल. इंडोनेशियात खेळाडूचं पोट मुख्यतः प्रांताच्या हातात असतं. दर चार वर्षांनी 'पोन' होते, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा. पहिली १९४८ साली सुराकार्तात झाली. प्रांतांची प्रतिष्ठा या स्पर्धेत पणाला लागते, त्यामुळे मासिक मानधन, पदकाचं बक्षीस आणि सरकारी नोकरीचं आमिष हे सगळं पोनच्या भोवती फिरतं. आंतरराष्ट्रीय कॅलेंडरचा भरवसा नाही. आग्नेय आशियाई स्पर्धांत कोणते खेळ घ्यायचे यात यजमानाचा शब्द मोठा असतो, आणि २०१३, २०१५ व २०१७ या तिन्ही वेळा बीच व्हॉलीबॉल नव्हतंच. डिफेंडर सतरा वर्षांची असताना खेळ गेला आणि परत येईपर्यंत तेवीस वर्षांची झाली. ऑलिंपिक तर दूरच. १९९६ला अटलांटात बीच व्हॉलीबॉलचं पदार्पण झालं तेव्हा एंगेल बेर्ता काइझे आणि तिमी युधानी राहायू ही इंडोनेशियाची जोडी तिथे खेळली होती. लोंबोकच्या क्लबांत अजून ही गोष्ट सांगतात, पण गोष्ट म्हणूनच.

२०१६च्या पश्चिम जावातल्या पोनमध्ये आमच्या दोघी पदकाविना परतल्या. पुढची पोन २०२०ला पापुआत होती. तेव्हा डिफेंडर चोवीसची असणार आणि ब्लॉकर सव्वीसची. सगळे म्हणत होते, हीच वेळ.

पेच

५ ऑगस्ट २०१८च्या संध्याकाळी उत्तर लोंबोक भूकंपाने हादरलं. त्या महिन्यातल्या धक्क्यांच्या मालिकेत पाचशेहून जास्त माणसं गेली, लाखो लोक तंबूत आले. डिफेंडरचं घर बसलं. माणसं वाचली, पण वडिलांची होडी दुरुस्तीसाठी अंगणात होती, तिच्यावर भिंत कोसळली.

तेरा दिवसांनी जाकार्तात आशियाई स्पर्धांचं उद्घाटन झालं. बीच व्हॉलीबॉल पालेम्बांगच्या जाकाबारिंग संकुलात होतं. पहिल्याच रात्री, १९ ऑगस्टला, लोंबोकला पुन्हा मोठा धक्का बसला. डिफेंडरने त्या स्पर्धेतले सामने ताडपत्रीखाली पाहिले. पाण्याच्या मोठ्या बाटलीला टेकवलेला मोबाइल आणि भोवती पंधरा माणसं. इंडोनेशियाला पुरुषांत रौप्य आणि कांस्य, महिलांत कांस्य मिळालं. सरकारने बक्षिसांच्या रकमा आधीच जाहीर केल्या होत्या. वैयक्तिक सुवर्णाला दीड अब्ज रुपियाह, खालच्या पदकांना आणि जोड्यांना त्यामानाने कमी, पण तंबूत बसलेल्या घराला तेही अचाटच. शिवाय पदकविजेत्यांना सरकारी नोकरीची संधी. त्या रात्री आई तिला एवढंच म्हणाली की तुझाही खेळ हाच ना.

ऑक्टोबरमध्ये जावावरच्या एका सधन प्रांताकडून निरोप आला. पापुआच्या पोनसाठी आमच्याकडून खेळ. मानधन घरच्या प्रांताच्या जवळपास तिप्पट, राहणं-खाणं संघटनेकडे, पदक मिळालं तर बक्षीस आणि 'नोकरीसाठी प्रयत्न'. उत्तर तीन आठवड्यांत हवं होतं.

बोलावणं एकटीला होतं. त्यांच्याकडे उंच ब्लॉकर होती, डिफेंडर नव्हती.

समोरचे पर्याय

नंतर आम्ही दोघींनी बसून कागदावर मांडलं तेव्हा चार पर्याय निघाले. त्या वेळी तिला दोनच दिसत होते.

पहिला म्हणजे थांबणं. घरच्या प्रांताकडून, त्याच जोडीदाराबरोबर खेळत राहायचं. खेळाच्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम, पण प्रांताची तिजोरी आता घरं उभारण्यात जाणार हे उघड होतं.

दुसरा, बोलावणं घेणं. दरमहा पैसा म्हणजे घर आणि होडी.

तिसरा, सहा जणींच्या व्हॉलीबॉलकडे परतणं. २००२पासून चालणाऱ्या 'प्रोलिगा' या लीगमध्ये लिबेरो म्हणून एखादा हंगाम मिळाला असता. पण करार काही महिन्यांचा, आणि वाळूवर दहा वर्षं घालवलेल्या पायांना लाकडी कोर्टाची सवय व्हायला वेळ लागतो. याचा तिने एक संध्याकाळ विचार केला आणि सोडून दिला. मला तो निर्णय बरोबरच वाटतो.

चौथा पर्याय सर्वांत साधा होता आणि तो कुणाच्याच तोंडून निघाला नाही: आम्हा दोघींना घ्या, नाहीतर नको. त्या प्रांताने बहुधा नकार दिला असता. दुसऱ्या एखाद्या प्रांताने दिला असता का, हे विचारल्याशिवाय कळणार कसं? आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या प्रवेशासाठीसुद्धा दोन्ही खेळाडूंचे गुण एकत्र करूनच जोडीचा क्रम ठरतो. म्हणजे खेळाची जागतिक संघटना जोडी मोजते. प्रांताचा करार, मानधन, ना-हरकत दाखला आणि नोकरी मात्र माणूस मोजतात. डिफेंडरनेही माणूसच मोजला, आणि तिला दोष देणं मला जमत नाही. तंबूत बसून कोण कुणाला मोजणार?

निर्णय आणि पुढचे तीन वर्ष

अठराव्या दिवशी तिने सही केली. ब्लॉकरला सांगितलं नाही. सांगायचं होतं, रोज उद्यावर गेलं. विसाव्या दिवशी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी अभिनंदनाचा निरोप टाकला आणि ब्लॉकरला तिथून कळलं. तिने अंगठा टाकला. पुढचे चौदा महिने दोघींचं बोलणं नाही.

मग दाखला अडकला. प्रांत बदलायचा तर मूळ क्लब आणि संघटनेचं सोडपत्र लागतं. इंडोनेशियात पोनच्या आधी असे वाद नेमाने होतात, २०१६च्या वेळी तर प्रकरणं 'बाओरी' या क्रीडा लवादापर्यंत गेली होती. डिफेंडरचं प्रकरण तिथवर गेलं नाही, पण क्लबने पत्र दाबून ठेवलं. क्लबची बाजूही ऐकण्यासारखी होती: दहा वर्षं आम्ही घडवली, आता तयार पीक दुसरा कापून नेणार, आम्हाला काय? अखेर काही रक्कम ठरली आणि सात महिन्यांनी पत्र सुटलं. त्या सात महिन्यांत ती कुठल्याही प्रांताकडून अधिकृत सामना खेळू शकली नाही. नुसता सराव.

नवी जोडीदार चांगली होती, हे स्पष्ट लिहायला हवं. उंच, शांत, कष्टाळू. अडचण बारीक ठिकाणी होती. फटका मारणारी हवेत असते तेव्हा समोरची जागा कुठे मोकळी आहे हे तिला दिसत नाही, ते जोडीदाराने ओरडून सांगायचं असतं. लोंबोकच्या दोघी सासाक भाषेत ओरडायच्या. नवीन मुलगी जावाची, तिच्याशी इंडोनेशियन: 'लुरुस' म्हणजे सरळ, 'सिलांग' म्हणजे तिरका. शब्द सोपे, पण डिफेंडरच्या तोंडातून आधी आपल्या बोलीचा शब्द निघायचा, मग ती तो गिळून दुसरा काढायची, तोवर चेंडू मारून झालेला असायचा. अर्धा सेकंद. तो भरून काढायला वर्ष गेलं. २०२०च्या जानेवारीत तिने मला मोठ्या खुशीत व्हिडिओ पाठवला होता. खरंच दोघी एका श्वासात खेळत होत्या.

एप्रिल २०२०मध्ये कोविडमुळे पोन एक वर्ष पुढे गेली.

तिचा करार ऑक्टोबर २०२०पर्यंतचा. स्पर्धा पुढे गेली तर काय, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. प्रांतांचा पैसा साथीच्या कामाकडे वळला, मानधन अर्ध्यावर आलं. मैदानं बंद. सासाकमध्ये ओरडायची सवय मोडून ज्या मुलीसाठी नवी जीभ कमावली होती, ती पोलीस भरतीत निवडली गेली आणि प्रशिक्षणाला निघून गेली. खेळाडूंसाठी पोलीस आणि लष्कर हा तिकडे मोठा आधार आहे, जसा आपल्याकडे रेल्वेचा किंवा ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा. तिला नाव ठेवावं असं त्यात काही नाही. डिफेंडर मात्र तेव्हा फोनवर पहिल्यांदा रडली. तिच्याही बाबतीत कुणी तिला आधी सांगितलं नव्हतं.

इथे ती परत जाऊ शकली असती का? कागदोपत्री नाही. एकदा प्रांत बदलल्यावर त्याच पोनसाठी उलट फिरता येत नव्हतं.

२०२१च्या जूनमध्ये तिसरी जोडीदार निवडायची वेळ आली. दोन नावं होती. एक एकोणीस वर्षांची, १८० सेंटिमीटर उंच, हाताला जबरदस्त जोर. दुसरी एकोणतीस वर्षांची, उंची बेताची, गुडघ्याला पट्टी, पण दोन पोन खेळलेली. प्रशिक्षकांनी निवड डिफेंडरवर सोडली. तिने उंची घेतली. आयुष्यभर तिला जे कमी पडलं ते तिने दुसरीत शोधलं असावं. हा माझा तर्क. ती मान्य करत नाही.

निकाल

ऑक्टोबर २०२१, जयापुरा. पापुआतली पहिलीच पोन. उपांत्यपूर्व फेरीत सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला. हा सेट १५ गुणांचा आणि बाजू दर पाच गुणांनी बदलते. दहा-दहाला बाजू बदलून आल्यावर तोंडावर ऊन आलं. एकोणीस वर्षांची मुलगी दोनदा खूण दाखवून आयत्या वेळी दुसरीकडे गेली. दोन्ही वेळा डिफेंडर ठरलेल्या जागी उभी होती आणि चेंडू भलतीकडे पडला. पंधरा-बारा. मी थेट प्रक्षेपण पाहत नव्हते, तिने नंतर वाळूचा एक फोटो पाठवून त्यावर बोटाने रेषा काढून दाखवलं होतं: मी इथे, चेंडू तिथे. मला सानूरचा तो किंचित वळणारा खांदा आठवला.

पदक नाही, म्हणून बक्षीस नाही. 'नोकरीसाठी प्रयत्न' हे पदकाला जोडलेलं होतं, तेही संपलं. डिसेंबरमध्ये पुढे वाढलेला करारही संपला.

हिशेबाची दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर अन्याय होईल. तीन वर्षांच्या मानधनातून घर उभं राहिलं आणि होडी पाण्यात गेली. धाकटा भाऊ मातारामला, लोंबोकच्या मुख्य शहरात, शिकायला गेला. जावात असताना मोकळा वेळ मिळाला त्यात तिने शारीरिक शिक्षणाची पदवी पुरी केली. २०२३मध्ये ती सरकारी शाळेत कराराच्या शिक्षकपदावर लागली, 'पेपेपेका' म्हणतात त्याला. क्रीडा कोट्यातून नव्हे, सर्वांसारखी परीक्षा देऊन. दुपारनंतर बारा मुलींना वाळूवर शिकवते. शनिवार-रविवार तारकाम.

ब्लॉकर घरच्या प्रांताकडूनच खेळत राहिली. तिलाही तीन वर्षांत तीन जोडीदार झाल्या आणि पापुआतून तीही रिकाम्या हातानेच परतली. यामुळेच वर 'सुरुवातीला' म्हटलं. मी ज्याला एकीचं प्रकरण समजत होते त्यात दुसरीचंही तेवढंच गेलं होतं, आणि तिच्याकडे तर घर-होडीसुद्धा आली नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

कराराबद्दल आधी, कारण ते सर्वांत सोपं. तीन ओळी हव्या होत्या: स्पर्धा पुढे गेली तर मुदत आणि मानधन आपोआप वाढेल, सोडपत्राची रक्कम आणि जबाबदारी बोलावणाऱ्या प्रांताची, नोकरीचा शब्द असेल तर कुठलं पद, कधीपर्यंत. साथ कुणाला दिसली नव्हती हे खरं, पण स्पर्धा लांबायला साथच लागते असं नाही. तिने करार वाचला नव्हता असंही नाही. वाचला होता, पण फक्त रकमेपाशी थांबली होती. भावाला दाखवला, त्यानेही तेच केलं.

तीन आठवड्यांच्या मुदतीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. भूकंपानंतर दोन महिन्यांनी तंबूतल्या मुलीला अशी मुदत देणं हे संघटनेच्या सोयीचं होतं, खेळाच्या नव्हे. पोनला दोन वर्षं होती. महिनाभर वाढवून मागितली असती तर मिळाली असती. तिने मागितली नाही, कारण मागणं म्हणजे नखरे वाटतील अशी भीती. या भीतीपायी आपल्याकडच्या मुलीही काय काय सोडून देतात हे मी पाहिलेलं आहे, तो वेगळा विषय.

जोडीदार निवडताना तिने एकोणतीस वर्षांचीला घ्यायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. चार महिन्यांत उंची वापरायला शिकवता येत नाही, पण ठरलेलं पाळणारी माणूस पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते. प्रशिक्षकांनी निवड तिच्यावर सोडणं हा मोठेपणा नव्हता, टाळाटाळ होती.

आणि ब्लॉकरला सांगणं. डिफेंडर म्हणते, सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता. म्हणून सांगितलं नाही.

ब्लॉकरला मी हे २०२२च्या ऑगस्टमध्ये विचारलं. आम्ही भारतात परतण्याआधी शेवटचं लोंबोकला गेलो होतो, बालीतल्या पाडांगबाईहून लोंबोकच्या लेंबारला जाणाऱ्या फेरीबोटीने, वारा इतका की धाकटी वाटभर ओकत होती. गावात १७ ऑगस्टच्या स्पर्धा होत्या आणि दोघी चार वर्षांनी एका बाजूला उभ्या होत्या, समोर शेजारच्या गावच्या दोन धडधाकट पोरी. सामन्यानंतर ब्लॉकर पायावरची वाळू झटकत बसली होती. तिचं उत्तर डिफेंडरच्या बरोब्बर उलट होतं. मला सांगितलं असतं, तर मीच तिला जा म्हटलं असतं. पण आधी त्या प्रांताच्या माणसाला फोन करून विचारलं असतं की बाबा, दोन ब्लॉकर चालतील का. मी राखीव म्हणूनही गेले असते, असं ती म्हणाली. आणि मग डिफेंडरला हाक मारून पाणी मागितलं.

डिफेंडर पाणी घेऊन आली तेव्हा मी विषय बदलला.